कोण कशाला घाबरतं

मैत्रिणीनं एक तक्ता पाठवला होता. हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले ओपन सोर्स प्रकल्प एकाखाली एक, आणि समोर रकाने: कोडच्या ओळी किती, हातभार लावणारे किती, शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) कधीचा, कुठकुठल्या लायब्रऱ्या लागतात, भाषेची कोणती एक्स्टेन्शन्स चालू केली आहेत. तिच्या टीममधली काही मुलं हॅस्केल शिकायला बसणार होती आणि त्यांना वाचायला कोणता प्रकल्प द्यावा हे तिला ठरवायचं होतं. सगळे रकाने तिनं नेटके भरले होते. शेवटचा तेवढा माझ्यासाठी मोकळा: ‘कोडचा दर्जा, दहापैकी’. खाली लिहिलं होतं, ‘अगं, तू हे सगळे वाचलेले आहेस. पटकन आकडे टाक.’

आकडे काही पडेनात. तक्ता बंद केला तरी तो रकाना डोक्यातून जाईना. संगणकाच्या पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या एक्समोनॅडला किती द्यायचे आणि दस्तऐवजांचं रूप बदलणाऱ्या पॅनडॉकला किती, हे ठरवताना मी नक्की काय मोजणार होते? मग एका बाजूला एक्समोनॅड आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या फाइलींचा माग ठेवणारं गिट-ॲनेक्स असे दोन्ही कोड पडद्यावर शेजारी-शेजारी उघडले आणि नुसती बघत राहिले. न वाचता, लांबून बघितलं तरी फरक दिसतो. एक्समोनॅडची पानं म्हणजे दोन-तीन ओळींची फंक्शन्स, मध्ये भरपूर मोकळी जागा, प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर त्याच्या टाइपची, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं याची, ओळ आणि त्याहून वर दोन वाक्यांची टिप्पणी. गिट-ॲनेक्समध्ये उजवीकडे सरकत जाणारे लांब ‘डू’ ब्लॉक, एकामागून एक कृती: ही फाइल उघड, ते कुलूप घे, ती नोंद कर. भाषा एकच, कोड तपासून त्याचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलरही एकच. तरीही दोन माणसांची हस्ताक्षरं जितकी वेगळी, तितकी ही पानं वेगळी.

एक्समोनॅड मी पहिल्यांदा वाचलं ते कागदावर छापून. तेव्हा ते नवं होतं. २००७ साली स्पेन्सर जॅनसेन, डॉन स्टुअर्ट आणि जेसन क्रायटन यांनी ते लिहिलं, आणि गाभा इतका लहान की सगळा छापून हातात धरता येत होता. पेन्सिलीनं समासात बाण काढत, खाडाखोड करत वाचलेला तो गठ्ठा पुढे कुठल्यातरी आवराआवरीत गेला, पण त्यातलं एक पान अजून डोळ्यांसमोर आहे: ‘स्टॅकसेट’चं. पडद्यावरच्या खिडक्या कशा साठवायच्या, एवढाच प्रश्न. सरळ उत्तर असं की खिडक्यांची एक यादी ठेवायची आणि त्यातली कितवी खिडकी सध्या फोकसमध्ये आहे त्याचा आकडा शेजारी ठेवायचा. पण मग यादीत तीनच खिडक्या आणि आकडा पाच, ही अवस्था शक्य होते. शक्य झालेली अवस्था कधी ना कधी खरी होतेच. एक्समोनॅडनं तो आकडा ठेवलाच नाही. तिथे फोकसमधली खिडकी वेगळी, तिच्या आधीच्यांची यादी वेगळी, नंतरच्यांची वेगळी. झेरार ह्यूए यांनी १९९७ मध्ये मांडलेली झिपरची ही कल्पना. आता फोकस हरवणं अशक्य होतं, कारण ‘फोकस हरवला आहे’ हे लिहून दाखवायला कोडमध्ये जागाच उरत नाही. कार्यक्षेत्र पूर्ण रिकामं असेल तर स्टॅकच नसतो, आणि ते ‘मेबी’, म्हणजे ‘असेल किंवा नसेल’ असं सांगणारा टाइप, स्पष्ट सांगतो.

पण त्याच पानावर दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती मला फार उशिरा दिसली. एकच खिडकी दोन ठिकाणी असता कामा नये, हा नियम त्या टाइपमध्ये बसत नाही. यादी ही यादीच असते. तिच्यात तोच घटक दोनदा टाकायला कंपायलर अडवणार नाही. मग एक्समोनॅडवाल्यांनी तो नियम क्विकचेककडे सोपवला. कून क्लासेन आणि जॉन ह्यूज यांचं हे साधन २००० सालचं: तुम्ही फक्त गुणधर्म सांगायचा, उदाहरणं ते स्वतः पैदा करतं आणि गुणधर्म मोडतो का ते पाहतं. फोकस एक पाऊल वर नेऊन परत खाली आणला तर सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. खिडक्यांवर काहीही क्रिया केली तरी कुठलीही खिडकी दोनदा दिसता कामा नये. म्हणजे टाइपचा हात जिथवर पोचतो तिथवर टाइप, आणि जिथे पोचत नाही तिथून पुढे गुणधर्म. मधली सीमारेषा बोट ठेवून दाखवता येते. बाहेरच्या जगाशी, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स सर्व्हरशी, बोलणारा भाग त्याहून पलीकडे. ‘विंडोज’ नावाचं एक फंक्शन शुद्ध फंक्शन, म्हणजे बाहेरच्या जगाला हात न लावता फक्त उत्तर काढणारं फंक्शन, हातात घेतं, ते स्टॅकसेटवर चालवतं आणि जे बदललं तेवढं पडद्यावर उमटवतं. बहुतेक कळफलकाच्या आज्ञा याच एका दारातून आत येतात.

पॅनडॉक उघडलं की यातलं काहीच आठवत नाही. जॉन मॅकफार्लन हे बर्कलीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. २००६ पासून ते हे लिहीत आलेत. इकडे मार्कडाउन द्या, तिकडे वर्डची फाइल, लेटेक किंवा ईपब घ्या. वाचणारे भाग वेगळे, लिहिणारे वेगळे, आणि मध्ये एकच दस्तऐवजाचा टाइप: परिच्छेद, मथळा, यादी, तक्ता, आणि त्यांच्या आत शब्द, जागा, तिरपा मजकूर, दुवा. समजा, येणारी रूपं वीस आणि जाणारी तीस असली, तर थेट रूपांतरं लिहायला सहाशे लागतील. मधल्या टाइपमुळे पन्नासच लागतात. सगळी मेहनत त्या एका व्याख्येत आहे, आणि ती फाइल निवांत वाचावी अशीच आहे. जगभरची लिखापढी कशाकशाची बनलेली असते याचा इतका आटोपशीर हिशेब मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आणि तो हिशेब कुठे कमी पडतो हेही तिथेच दिसतं. पॅनडॉकमध्ये वर्षानुवर्षं तक्त्यातल्या दोन कप्प्यांना एकत्र जोडता येत नव्हतं. एचटीएमएलमध्ये होतं, वर्डमध्ये होतं, पण मधल्या टाइपमध्ये त्याला जागा नव्हती, म्हणून वाचणारा भाग ते वाचून सोडून देई. २०२० साली, २.१० या आवृत्तीत, तक्त्याचा टाइप बदलला, आणि त्याबरोबर तक्त्याला हात लावणारा प्रत्येक वाचक आणि प्रत्येक लेखक बदलावा लागला. अधोरेखित मजकुराला स्वतःची जागा मिळाली तीही त्याच सुमारास. इथे हॅस्केलचा कंपायलर किती उपयोगी पडतो हे असला बदल स्वतः केल्याशिवाय उमगत नाही. एक व्याख्या बदलायची, कंपाइल करायचं, आणि मशीनचा पंखा घरघरत असताना चुकांची यादी पडद्यावरून वर सरकताना बघायची. दुसऱ्या भाषांमध्ये ही यादी ग्राहकांच्या तक्रारींच्या रूपानं पुढचे सहा महिने येत राहते.

पॅनडॉकच्या शुद्धतेची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. २.० या आवृत्तीत, म्हणजे २०१७ मध्ये, मॅकफार्लन यांनी सगळे वाचक आणि लेखक एका मोनॅडच्या (कृती एकामागून एक जोडण्याच्या चौकटीच्या) वर्गावर नेऊन बसवले. त्याचे दोन अवतार: एक खरोखर डिस्कला हात लावणारा, दुसरा पूर्णपणे स्मरणातल्या स्मरणात चालणारा. कारण अगदी व्यवहारी आहे. कोणी पॅनडॉक सर्व्हरवर चालवत असेल आणि परक्या माणसानं दिलेल्या दस्तऐवजात ‘ही फाइल इथे आणून जोड’ असं लिहिलेलं असेल, तर ती फाइल सर्व्हरवरची कुठलीही असू शकते. शुद्ध अवतारात तो धोका टाइपनंच मिटतो. एक्समोनॅडमध्ये शुद्धता पहिल्या दिवसापासून होती. इथे ती दहा-अकरा वर्षांनी आली, आणि त्यासाठी अख्खं घर हलवावं लागलं.

मग डार्क्स.

डार्क्सबद्दल मी समतोलानं लिहू शकत नाही. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं हे साधन, गिटसारखं. भौतिकशास्त्रात काम करणाऱ्या डेव्हिड राउंडी यांनी ते आधी सी-प्लस-प्लसमध्ये सुरू केलं आणि मग हॅस्केलमध्ये नव्यानं लिहिलं. गिटच्या आधीची गोष्ट. गिट प्रत्येक कमिटला प्रकल्पाचं पूर्ण चित्र साठवतं. डार्क्स बदल साठवतं, आणि दोन बदल एकमेकांशी जागा बदलू शकतात का, हा त्याचा मूळ प्रश्न. तू पहिल्या ओळीत काही केलंस, मी शंभराव्या ओळीत. मग कोण आधी, कोण नंतर, यानं काय बिघडतं? काही नाही. पण पॅचची, म्हणजे साठवलेल्या बदलाची, जागा बदलली की त्याच्या आतले ओळींचे आकडेही बदलावे लागतात, आणि हे नीट जमलं नाही तर रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा साठा, भरकटते. म्हणून पुढे टप्प्याटप्प्यानं डार्क्सच्या कोडमध्ये प्रत्येक पॅचच्या टाइपवर दोन खुणा आल्या: कुठल्या अवस्थेतून निघतो, कुठल्या अवस्थेत पोचतो. दोन पॅच जोडायचे तर पहिल्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकच आहे, हे कंपायलर तपासतो. दोन पॅच एकाच ठिकाणाहून निघून फाकत असतील तर त्या जोडीसाठी वेगळं चिन्ह, दोन तिरक्या रेघा खाली टेकलेल्या. दोन वेगळीकडून येऊन एका ठिकाणी मिळत असतील तर त्याच रेघा वर टेकलेल्या. कोड वाचताना मर्जची, म्हणजे दोन बदल एकत्र करण्याची, आकृतीच डोळ्यांसमोर उभी राहते. पहिल्यांदा हे कळलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. आपण इतकी वर्षं जे कागदावर बाण काढून स्वतःला समजावत होतो, ते कोणीतरी थेट कंपायलरला समजावलं होतं.

त्याच कोडमध्ये एक फंक्शन आहे. त्याचं काम इतकंच की त्या दोन खुणांबद्दल कंपायलरला गप्प करायचं: ‘मला माहीत आहे, जाऊ दे’. ते लपवून ठेवलेलं नाही, आणि त्याच्या नावातच ‘असुरक्षित’ असं लिहिलेलं आहे. ते कुठे कुठे वापरलंय ते शोधून काढलं की डार्क्सचे अवघड कोपरे आपोआप समोर येतात. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

आणि तरीही डार्क्सला ज्या दुखण्यानं नमवलं त्याचा टाइपशी काही संबंध नव्हता. भांडणाऱ्या पॅचची साखळी वाढत गेली की मर्ज करायला लागणारा वेळ घातांकानं वाढायचा. उत्तर बरोबर यायचं, पण येईपर्यंत वाट बघणारा माणूस उठून गेलेला असायचा. २००८ च्या डार्क्स २ मध्ये यावर बरंच काम झालं. पण २०११ मध्ये हॅस्केलचा मुख्य कंपायलर जीएचसीसुद्धा डार्क्स सोडून गिटवर गेला. टाइप सांगतो की ही पायरी वैध आहे. ती पायरी चढायला किती वेळ लागेल, हे सांगत नाही. हॅस्केलबद्दल उत्साहानं बोलणाऱ्यांनी, आणि त्यात मीही आले, हे सतत लक्षात ठेवायला हवं असं मला वाटतं.

गिट-ॲनेक्स या सगळ्यांत सर्वांत कमी ‘हॅस्केली’ दिसतं. जोई हेस यांनी ते २०१० मध्ये सुरू केलं. मोठमोठ्या फाइली गिटच्या आत न भरता गिटनं त्यांचा माग ठेवावा, यासाठी. फाइलीच्या जागी दुवा राहतो, मजकूर दुसरीकडे, आणि कुठल्या फाइलीची प्रत कुठकुठल्या डिस्कवर आहे याची नोंद एका वेगळ्या शाखेत. सारा वेळ बाहेरच्या जगाशी झगडा: काढून ठेवलेली डिस्क, मध्येच तुटलेली जोडणी, एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रक्रिया. इथे शुद्ध गाभा शोधायला गेलं तर निराशा होते. दूरच्या साठ्याचा टाइप हा चक्क फंक्शनांनी भरलेला रेकॉर्ड आहे: ठेव, आण, काढून टाक, आहे का ते बघ. हेच दुसऱ्या कुठल्याही भाषेत लिहिता आलं असतं, असं म्हणत मी पानं उलटत होते. मग ‘ड्रॉप’पाशी आले. इथली प्रत पुसून टाकायची, तर पुरेशा प्रती दुसरीकडे आहेत याची आधी खात्री हवी. नुसती नोंद बघून चालत नाही, कारण नोंद जुनी असू शकते. तिकडे विचारावं लागतं, आणि जमेल तिथे तिकडची प्रत कुलूपबंदही करावी लागते, नाहीतर दोन संगणक एकमेकांच्या भरवशावर एकाच क्षणी आपापली प्रत पुसतील. या खात्रीला जोई हेस यांनी टाइप केलं आहे: पुसणं सुरक्षित असल्याचा पुरावा. तपासलेल्या प्रती दाखवल्या की तो तयार होतो, आणि पुसण्याच्या कामाला तो सोबत द्यावा लागतो. हजारो ओळी साध्यासुध्या कृतींच्या, आणि बरोबर त्या एका ठिकाणी हॅस्केलचं सगळं बळ लावलेलं.

तिथे मला तो रकाना भरता का येत नव्हता ते उमगलं. काटेकोर टाइप फुकट मिळत नाही. तो लिहायला वेळ लागतो, वाचायला त्याहून जास्त, आणि नवा माणूस दारातच अडखळतो. म्हणून कोणीच तो सगळीकडे वापरत नाही. ज्याला ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते, तिथे तो वापरतो. एक्समोनॅडला भीती फोकस हरवण्याची. पॅनडॉकला रूपांतरांच्या गुणाकाराची, आणि नंतर परक्या दस्तऐवजाची. डार्क्सला चुकीच्या जागी लागलेल्या पॅचची. गिट-ॲनेक्सला शेवटची प्रत पुसली जाण्याची. प्रकल्पांची तुलना करायची तर आधी हे विचारावं की हा कशाला घाबरतो, आणि मग बघावं की त्या भीतीच्या ठिकाणी त्यानं किती खर्च केला आहे. उरलेल्या ठिकाणी कोड ओबडधोबड असला तर माझी तक्रार नाही. दहापैकी गुण देताना आपण नकळत सगळीकडे सारखा खर्च मागत असतो, आणि तो मागणं मला चूक वाटतं.

शेलचेक या मोजमापात लगेच बसतं. विदार होलेन यांचं हे साधन शेलच्या, म्हणजे टर्मिनलवरच्या आज्ञांच्या, स्क्रिप्टमधले दोष दाखवतं. अवतरणचिन्हांविना वापरलेल्या व्हेरिएबलबद्दलचा त्याचा २०८६ क्रमांकाचा इशारा शेल लिहिणाऱ्या कित्येकांना तोंडपाठ आहे, आणि त्यातल्या अनेकांना मागे हॅस्केल आहे याचा पत्ताही नसतो. त्याच्या तपासण्यांची मुख्य फाइल प्रचंड लांब आहे. टाइपची चलाखी तिच्यात फारशी नाही. पण प्रत्येक तपासणीच्या डोक्यावर एकेका ओळीच्या चाचण्या आहेत: या तुकड्यावर इशारा आलाच पाहिजे, आणि या दुसऱ्या तुकड्यावर येता कामा नये. दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या बघाव्यात. बरोबर लिहिलेल्या माणसाला उगाच दोष देऊ नये, ही इथली भीती, आणि तिच्यावर टाइपचा उपाय चालतच नाही. शेल लिहिणारी माणसं काय काय लिहितात, याची उदाहरणं साठवत जाणं एवढाच उपाय आहे.

एक भीती मात्र सगळ्यांची मिळून आहे आणि ती प्रत्येक प्रकल्पाच्या कॅबल फाइलीत, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, दिसते: पायाखालची जमीन हलण्याची. २०१५ मध्ये जीएचसी ७.१० आला आणि प्रत्येक मोनॅड आधी ॲप्लिकेटिव्ह, म्हणजे त्याहून साधी तशीच चौकट, असलाच पाहिजे असा नियम झाला. नियम रास्त होता, गणित तेच सांगत होतं. पण स्वतःचा मोनॅड लिहिलेल्या कित्येक जुन्या प्रकल्पांचं कंपाइल होणं एका दिवसात थांबलं. ज्यांचे सांभाळणारे जागेवर होते त्यांनी दोन-चार ओळी घातल्या आणि पुढे गेले. बाकीचे तिथेच राहिले. जुनी हॅस्केल रिपॉझिटरी उघडून बिल्ड लावताना आजही माझ्या पोटात बारीक गोळा येतो. लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांवर लावलेल्या वरच्या मर्यादा वाचताना तोच गोळा लिहिणाऱ्याच्या पोटातही असणार, हे जाणवत राहतं.

मैत्रिणीच्या तक्त्यात जीएचसी नव्हता. शिकणाऱ्यांना तो कोण वाचायला देणार? पण भीतीचा हिशेब लावायचा तर मला सगळ्यांत जास्त विचारात पाडतो तोच. हॅस्केलचा अवाढव्य विस्तार आत गेल्यावर ‘कोअर’ नावाच्या एका छोट्या भाषेत उतरतो. तिच्या पदावलीचे जेमतेम दहा प्रकार: व्हेरिएबल, अचल किंमत, फंक्शन लावणं, फंक्शन बांधणं, लेट, केस आणि आणखी चार. सगळं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) या भाषेवर चालतं. एका पायरीनं कोड हलवताना टाइप मोडला, तर बाहेर पडणारा प्रोग्राम गुपचूप चुकीचा चालेल. डार्क्सला जी भीती, तीच इथे, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. आणि ही भीती टाइपमध्ये लिहायचं हत्यार, म्हणजे जीएडीटी हा जास्त काटेकोर डेटा टाइप, जीएचसीनंच २००५ मध्ये हॅस्केलवाल्यांच्या हातात दिलं. डार्क्सच्या त्या दोन खुणा याच हत्यारावर उभ्या आहेत. पण जीएचसीनं स्वतःच्या कोअरसाठी ते वापरलं नाही. तिथे साधा डेटा टाइप आहे, ज्यात चुकीच्या टाइपची पदावली बिनदिक्कत लिहिता येते. तिच्यावर नजर ठेवायला कोअर लिंट नावाचा वेगळा तपासनीस आहे. तो चालू केला की प्रत्येक पायरीनंतर सगळी पदावली नव्यानं तपासतो आणि कुठे मोडलं ते ओरडून सांगतो.

दोन्ही बाजू मला दिसतात. प्रत्येक ऑप्टिमायझेशन लिहिणाऱ्याला कंपायलरसमोर आधी सिद्धता मांडावी लागली असती, तर जीएचसीत इतक्या जणांनी इतक्या वर्षांत इतक्या पायऱ्या लिहिल्याच नसत्या. उलट कोअर लिंट फक्त समोर आलेल्या प्रोग्रामबद्दल बोलतो. जो प्रोग्राम कोणी लिहिलाच नाही, त्याच्यावर ती पायरी काय करेल, याबद्दल तो काही सांगत नाही. डार्क्सच्या खुणा ते सांगतात. उद्या मला असं काही लिहायला घ्यायचं झालं तर मी बहुधा जीएचसीची वाट धरेन, साधा टाइप आणि कडक तपासनीस. पण मैत्रिणीच्या मुलांना मी डार्क्स वाचायला सांगितलं आहे. आधी पॅनडॉकची व्याख्या, मग एक्समोनॅडचा स्टॅकसेट, आणि मग सावकाश, हातात कागद घेऊन, डार्क्सच्या त्या तिरक्या रेघा.